वाकडं जोतं

मायाप्पा अण्णा अंगावर लोखंडाचा कण बाळगत नसत. पायजम्याला नाडी, सदऱ्याला प्लास्टिकची बटणं, कमरेला काळा करदोटा आणि पायात काही नाही. चष्म्याच्या काडीत दुकानदारानं बसवलेला बारकासा स्क्रूसुद्धा त्यांनी काढून टाकला होता आणि तिथं दोरा गुंडाळला होता. पावसात छत्री नाही, कारण छत्रीला तारा. खताच्या पोत्याची खोळ करून ते डोक्यावर घेत. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "अण्णा, रक्तातही लोह असतं म्हणतात. त्याचं काय करता?"

"त्ये समद्यांच्यातच असतंय की सर. सारखंच असंल," ते म्हणाले आणि सळया मोजायला लागले.

सांगलीच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्राच्या विभागात ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. मी तिथं प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा तिशीचा होतो, नावामागं डॉक्टर लागून सहा महिने झाले होते, आणि आपल्याला सगळं येतं असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. अण्णा सत्तावन्न वर्षांचे. माणदेशातल्या, दहिवडीकडच्या मेंढपाळाच्या घरातले. तीस वर्षं या विभागाची यंत्रं त्यांनी खांद्यावरून वाहिली होती.

यंत्रं दोन. एक काठीसारखं, ते हातात धरून रानातून सरळ रेघेत चालायचं. जमिनीत भाजलेली माती, चूल, भट्टी असं काही पुरलेलं असलं की त्याच्या चुंबकपणाचा आकडा बदलतो. धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड असलं की तो आकडा खोटा पडतो, म्हणून अण्णांचं ते सोवळं. दुसऱ्या यंत्राला चार सळया. त्या ताणलेल्या दोरावर अंतर मोजून ओळीनं जमिनीत ठोकायच्या, वीज सोडायची आणि माती ती किती अडवते ते मोजायचं. ओली काळी माती विजेला वाट देते, दगड अडवतो. आमच्या भागात हे दुसरं यंत्र सगळ्यांना ठाऊक आहे ते 'पाणी बघायचं मशीन' म्हणून. ते घेऊन कुठल्याही बांधावर उभं राहिलं की पाच मिनिटांत दोन माणसं गोळा होतात आणि विचारतात, "किती फुटावर लागंल?"

मोजणी संपल्यावर सळई उपसली की खाली भोक राहतं. अण्णा प्रत्येक भोकात टाचेनं माती ढकलत आणि वर टाच दाबून जागा सारखी करत. दिवसाला चारशे भोकं असली तर चारशे वेळा. मी घाई केली की म्हणत, "लोकांच्या रानाला भोकं ठिवून जायचं न्हाई, सर. बैलाचा पाय अडाकतोय." बैल आता कुणाच्या रानात राहिलेत, असं मी म्हटलं तर ते हसत आणि पुढच्या भोकाकडं जात.

आकडे लिहिण्याचं कामही त्यांचंच. लाल कापडी पाठीच्या जाड वह्या, त्यात शाईच्या पेनानं आखलेले रकाने, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. अक्षर वळणदार. बोलणं माणदेशी, पण लिहिताना शाळेतल्यासारखं शुद्ध लिहीत. खाडाखोड नाही. चुकलेला आकडा ते पुसत नसत, त्यावर एक रेघ ओढून शेजारी नवा लिहीत, म्हणजे जुनाही वाचता यावा. "जमीन जे सांगती ते रकान्यात. आपल्याला काय वाटतंय ते शेऱ्यात. दोन्ही येका जागी लिवलं की घोटाळा हुतो," असं त्यांचं शास्त्र. मी परदेशी नियतकालिकांत वाचलेलं शास्त्र याहून फार वेगळं नव्हतं, पण ते शिपायाच्या तोंडून आलं की मला गंमत वाटायची.

त्या शेऱ्याच्या रकान्यानं मला पहिला चिमटा लवकरच काढला. मिरजेकडच्या एका जुन्या पेठेच्या जागेवर आम्ही चुंबकाचं यंत्र चालवत होतो. एका रेघेत आकडे असे उसळले की मी आनंदानं ओरडलोच. भट्ट्यांची रांग सापडली म्हणून. अण्णा काठी धरून उभे राहिले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "सर, तुमी जरा लांब जावा." मी वीस पावलं लांब गेलो. आकडे खाली बसले. माझ्या खिशात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा होता. मी हसून विषय संपवला. संध्याकाळी वही बघितली तर शेरा होता : 'रेघ सहावी. सरांच्या खिशात किल्ली. पुन्हा चाललो.' हे लिहायची काय गरज होती, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उद्या दुसरं कोण वाचलं तर त्याला कळाय नगं व्हय, सहावी रेघ दोनदा का हाय?" बरोबरच होतं. तरी माझ्या मनात ते लागून राहिलं.

दुसरा प्रसंग माणातला आहे, आणि आता मागं वळून बघताना वाटतं, मला वाईट सवय लागली ती तिथं. एका गावाबाहेर जुन्या धर्मशाळेचा पाया शोधायचा होता. उन्हाळा, जमीन खापरासारखी. अशा जमिनीत सळईभोवती थोडं पाणी ओतावं लागतं, नाही तर वीज जातच नाही. आमचे कॅन संपले होते. शेजारच्या घरातल्या बाईनं आम्हाला प्यायला कळशी भरून आणून दिली आणि ती आत गेली. मी ती कळशी उचलली आणि सळयांच्या बुडाशी ओतली. अर्धी रिकामी झाली तोवर बाई बाहेर आली.

"आवं, ह्ये काय चालवलंय? कोसभरावनं आणलेलं पाणी हाय ते! मातीत वतताय?"

मी कळशी धरून उभा राहिलो. अण्णा लांब होते, दोर गुंडाळत. ते चालत आले, माझ्या हातातली कळशी घेतली आणि म्हणाले, "माजी चूक झाली ताई. मीच सांगितलं त्यास्नी वताय." आणि हात जोडले. बाईचा राग उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागण्याआधी अण्णांनी कोसभरावरच्या टाकीवरून पाण्याचे दोन हंडे आणून तिच्या दारात ठेवले. मी आभार मानले तर म्हणाले, "तुमी नवीन हाय. तुमाला कुठं ठाव हितलं पाणी." मला बरं वाटलं. फारच बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

मग आलं बोर्डिंगचं काम.

उंब्रजच्या अलीकडं कृष्णेकाठी एक जुनं बोर्डिंग होतं. सगळ्या जातींची गरीब पोरं तिथं राहत, शिकत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पुढं पुरानं इमारत पडली, संस्थेनं हमरस्त्याला नवी बांधली, आणि जुन्या जागेवर गाळ बसून ऊस आला. जमीन संस्थेचीच, पण खंडानं कसायला दिलेली. संस्थेच्या सचिवांच्या मनात आलं की जिथं ती पहिली पंगत बसली ते जेवणघर शोधावं आणि तिथंच स्मारक करावं. नकाशा नाही, फोटो नाही. ऊस तुटून गेला होता. बुडख्यांतून फुटणारा खोडवा वाढण्याआधी तीन आठवड्यांत जागा सांगायची होती. मला हे काम मिळालं तेव्हा वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मी तो कापून ठेवला.

पहिल्याच दिवशी बांधावर माणसं जमली. "पाणी हाय का खाली?"

"पाणी न्हाई बगत," अण्णा म्हणाले. "पोरं कुठं जेवत हुती त्ये बगतोय."

माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांचं काहीतरी वेगळं चाललं होतं. सळई ठोकण्याआधी ते जमिनीकडं बघत उभे राहत. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"सर, मी हितं हुतो."

"कुठं?"

"हितंच. बोर्डिंगात. चार वर्सं."

तीस वर्षांत त्यांनी हे विभागात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन माणातून कृष्णेकाठी उतरत. एका वर्षी नऊ वर्षांच्या मायाप्पाला त्यांनी बोर्डिंगच्या दारात सोडलं. बोर्डिंगचा एक रिवाज होता. नव्या पोरानं येताना आपल्या गावचा एक दगड आणायचा, आणि तो जेवणघराच्या जोत्यात स्वतःच्या हातानं बसवायचा. दगड विकत घ्यायला पैसे नव्हते हे एक कारण. दुसरं, संस्थापक पोरांना सांगत, एकदा जोत्यात बसला की कुठला दगड कुणाच्या घरचा हे कुणी विचारायचं नाही. अण्णांचा दगड मेंढरं कोंडायच्या कुंपणातला. घोड्याच्या पाठीवर, भांड्याकुंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी बांधून, सहा दिवस चालत आणलेला.

"हितंच हाय तो कुठंतरी," अण्णा म्हणाले. "एकदा बगायचा हाय मला."

"पन्नास-साठ दगड असतील अण्णा. सगळे काळेच. कसा ओळखणार?"

"आता बगा!" ते म्हणाले. "सोताचं मेंढरू वळखत न्हाई व्हय माणूस?"

मी म्हटलं, बघू, आणि डबा बंद केला.

नकाशा तयार झाला तेव्हा मला झोप येईना इतका आनंद झाला. रानाच्या मधोमध एक ठसठशीत लाल पट्टा, सुतात ओढल्यासारखा सरळ, चाळीस मीटर लांब. दगडानं वीज अडवली होती. पंगतीच्या लांब पडवीची भिंत, दुसरं काय! सकाळीच मी सचिवांना फोन करून सांगून टाकलं. मग अण्णांना नकाशा दाखवला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "सर, ही भिंत न्हाई."

"मग काय आहे?"

"पायपलाईन हाय. उसाच्या पाणीपुरवठ्याची. पल्याडच्या बांधाला तिचं चेंबर हाय, मी बगून आलो. नळ पुरला की चरात मुरूम भरत्यात, त्यो मुरूम लागतोय तुमच्या मशीनला."

"चेंबर कुठं आणि हे कुठं, अण्णा."

त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं एक फिकट, नागमोडी, मधेच तुटलेली रेघ होती. मी तिला यंत्राची खरखर समजून सोडून दिलं होतं. "ह्ये बगा. ह्ये जोतं."

"ते? ते किती वाकडं आहे."

"वाकडंच असणार की. पोरांनी बांधल्यालं हाय त्ये. शंभर हात सरळ भिंत बोर्डिंगात नव्हती, सर. आमाला कुठं सूत धराय येत हुतं?"

सचिवांनी तोवर पाहुणे ठरवले होते. मांडववाल्याला सांगितलं होतं. मी मागं फिरलो असतो तर पुन्हा फोन करून 'थांबा, मी घाई केली' एवढं म्हणावं लागलं असतं, बाकी काही नाही. मी अण्णांच्या हातातून नकाशा घेतला आणि म्हणालो, "अण्णा, तुम्ही सळया ठोका. नकाशा मला वाचू द्या."

ते 'बरं' म्हणाले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, काहीतरी लिहिलं, आणि सळया पुसायला बसले.

कुदळ मारायचा दिवस. मांडव, सतरंज्या, हार, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, बोर्डिंगातून शिकून गेलेले दहा-बारा म्हातारे. पाहुण्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेली कुदळ मारली, टाळ्या झाल्या, आणि मग खरं खणायला जेसीबी पुढं आला. मी आखून दिलेल्या चुन्याच्या रेघेवर त्यानं तिसरं बकेट घातलं तेव्हा खालून फट्ट असा आवाज आला. मग पाणी. त्या दिवशी खोडव्याला पाण्याची पाळी होती, नदीवरचा पंप चालू होता. सिमेंटचा नळ फुटून पाणी माणसाच्या वर उडालं. पाहुणे चिंब झाले, मांडवाचा एक खांब कलला, सतरंज्यांवर चिखल. पल्याडच्या बांधावरून शेतकरी ओरडत धावत आले. "आरं, पायपलाईन फोडली! आता आठ दिस पाळी न्हाई आमाला! कुणी सांगितलं हितं खणाय?"

सचिव माझ्याकडं वळले. धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "सर, हे काय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. पाहुणे, म्हातारे, शेतकरी, फोटोवाला. अण्णा चार पावलांवर उभे होते, खांद्यावर सळयांची पिशवी, काखेत वही. आणि मी म्हणालो, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "सळया ठोकणाऱ्यांनी अंतर चुकवलंय. त्यामुळं सगळी रेघ सरकली."

हे मी ठरवून बोललो नव्हतो, असं पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण जीभ अडखळली नाही, हेही खरं.

अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं. राग नव्हता त्यात. माणातल्या त्या बाईसमोर मी कळशी घेऊन उभा होतो, तेव्हा बघितलं होतं तसंच बघितलं. काखेतली वही त्यांनी हातात घेतली. त्या वहीत काय लिहिलं असेल ते मला ठाऊक होतं. एक पान उघडलं असतं तर तिथंच माझा निकाल लागला असता. त्यांनी वही पिशवीत घातली, पाण्यानं भिजू नये म्हणून, आणि म्हणाले, "व्हय. माजीच चूक झाली. दोर ढिला पडला."

दोर ढिला पडला. मला हेही सुचलं नव्हतं. माझं खोटं नीट उभं राहावं म्हणून टेकूसुद्धा त्यांनीच दिला. त्यांचा दोर ढिला पडलेला मी एकदाही पाहिला नव्हता.

"म्हातारं झालंय, घरी बसवा त्याला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. त्या दहा-बारा म्हाताऱ्यांपैकी एक जण पुढं येऊन अण्णांच्या तोंडाकडं निरखून बघू लागला आणि म्हणाला, "आरं, तू मायाप्पा न्हवं? माणातला?" अण्णांनी मान खाली घातली. भेटण्याची वेळ आली ती अशी.

मी सचिवांच्या गाडीत बसून निघालो. अण्णा मागं राहिले. नंतर कळलं, संध्याकाळपर्यंत ते शेतकऱ्यांबरोबर चिखलात उभे राहून नळाला सिमेंट आणि गोणपाट लावत होते, आणि चर बुजवून, वरून टाचेनं माती दाबून मगच एसटीला गेले.

संस्थेचं तक्रारीचं पत्र महाविद्यालयाला आलं. स्मारक हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत झालं आणि रानात पुन्हा ऊस लागला. अण्णांची बदली ग्रंथालयात केली गेली. प्राचार्यांनी मला विचारलं होतं, "तुमचं काही म्हणणं?" मी म्हटलं, "नाही." त्या वाकड्या रेघेबद्दल बोलावं तर सरळ रेघेबद्दलही बोलावं लागलं असतं.

शेवटचं दीड वर्ष अण्णा पुस्तकांच्या मांडण्यांमधून अनवाणी फिरले. तिथल्या नोंदवहीतही त्यांनी शेऱ्याचा रकाना आखला होता : 'पान ४२ फाटलेले. फाडणारा माहीत नाही.' मला बघितलं की पहिल्यासारखेच हसत. मीच दुसऱ्या जिन्यानं जायला लागलो. निरोपसमारंभात शाल-नारळ झाला, मी दोन शब्द बोललो, त्यात 'प्रामाणिक' हा शब्द तीनदा आला. निघताना ते विभागात आले. "सर, वह्या सात हायत. वाळवीचं तेवढं बगा."

सातवी वही मी दोन वर्षं उघडली नाही. मग एके दिवशी कपाटाला खरोखरच वाळवी लागली आणि वह्या उन्हात टाकताना ती माझ्या हातात उघडली. एका पानावर होतं : 'मधला पट्टा पाइपलाइन असावी. सरांना सांगितले.' एवढं मला अपेक्षितच होतं. पुढचं पान उलटलं. कुदळीच्या दिवसाची तारीख. आकड्यांचे रकाने रिकामे. शेऱ्यात शाईनं, खाडाखोड न करता लिहिलं होतं :

'आज चारचौघांत खोटे बोललो. दोर ढिला नव्हता.'

माझं नाव नाही, कारण नाही. सहाव्या रेघेवर ज्यांनी माझ्या खिशातली किल्ली लिहिली, त्यांनी इथं फक्त स्वतःचं लिहिलं होतं. मी गच्चीवर वाळवीच्या मातीत बसलो आणि मला माझी इतकी किळस आली की वही मिटवेना आणि वाचवेनाही.

त्या रात्री मी संस्थेला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं : नळ, चेंबर, वाकडी रेघ, कोण काय म्हणालं. ते घेऊन दहिवडीच्या पुढं त्यांच्या गावी गेलो. अण्णा अंगणात कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. मी खिशातून पत्र काढलं आणि वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या असतील.

"ऱ्हाऊ द्या सर."

"नाही अण्णा, मला वाचू द्या. मला तुमची—"

"मला कशाला वाचून दावताय? मला ठावच हाय की." ते कोकराकडंच बघत होते. "ज्यांच्या म्होरं बोलला, त्यांच्या म्होरं वाचा."

आवाज चढला नाही. मग म्हणाले, "जेवलाय का?" आणि आत हाक मारली.

संस्थेची वार्षिक सभा दोन महिन्यांवर होती. मी गेलो नाही. माझ्या बढतीची फाईल वर गेली होती. ती खाली आली की जाऊ, असं ठरवलं. फाईल खाली आली तेव्हा सभा होऊन गेली होती. पुढच्या सभेआधी, उन्हाळ्यात, अण्णांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. ते गेले होते. झोपेतच.

मी पत्र वाचलं ते त्यानंतर. सभागृहात दीडशे माणसं होती. सगळं वाचलं. मग सचिव म्हणाले, "झालं गेलं, सर. आता तो माणूसबी न्हाई." खरं होतं. ज्या माणसावर मी बोट ठेवलं होतं तो नसताना बोट उचलायला फार धैर्य लागत नाही. मागच्या रांगेतला तो म्हातारा, ज्यानं त्या दिवशी अण्णांना ओळखलं होतं, उठून बाहेर गेला.

एवढं मात्र झालं की ऊस तुटल्यावर त्या वाकड्या रेघेवर खणायला संस्थेनं परवानगी दिली. या वेळी हातानं, खुरप्यानं. चार फुटांवर जोतं लागलं. नागमोडी, एका जागी बाहेर फुगलेलं, एका जागी आत गेलेलं. मधल्या फटीत दारापाशी भाजलेल्या मातीचे थर आणि राख. एकोणसाठ दगड मोजले. कुठला गोल, कुठला चपटा, काहींत गारगोटीच्या पांढऱ्या रेघा, काही अगदी ठिसूळ. मी एकेका दगडासमोर उकिडवा बसलो, हात लावला, पाणी मारून पुसून बघितला. माझ्याकडं दोन यंत्रं होती, सात वह्या होत्या. यातला अण्णांचा कुठला, ते मला सांगता आलं नाही. रस्त्यानं मेंढरांचा कळप चालला की मला सगळी सारखीच दिसतात, तसंच झालं. ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी ग्रंथालयात बसवलं होतं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी, पत्र वाचायला गेलो होतो तेव्हा. जेवण झाल्यावर ते मला सोडायला फाट्यापर्यंत अनवाणी आले. एसटीला वेळ होता. त्यांनी काटकी घेतली आणि रस्त्याकडेच्या फुफाट्यात जोतं काढून दाखवलं. हितं दार, हितं चूल, हितं मोठी पोरं बसायची, आणि हितनं मोजत गेलं की माझा. मी बघत होतो, पण मनात सारखं 'ज्यांच्या म्होरं बोलला' हे त्यांचं वाक्य घोळत होतं, त्यामुळं कुठून मोजायचं ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. एसटी आली. मी खिडकीत बसलो. ते खिडकीखाली आले, मान वर करून म्हणाले, "सर, जोतं घावलं तर फोन करा. मी यीन."

"करतो," मी म्हणालो.

गाडी हलली. मी मागच्या काचेतून बघितलं. अण्णा पाठमोरे उभे होते आणि रस्त्याकडेचं ते जोतं टाचेनं सारखं करत होते.